बटाट्याच्या माहेरची पंगत



आषाढी एकादशीला घरातली म्हातारी माणसे साबुदाण्याची खिचडी करतात. तिच्यात काय काय पडते ते जरा आठवून पाहा. साबुदाणा, शेंगदाण्याचे कूट, बटाट्याच्या फोडी आणि हिरवी मिरची. यातले एकही पीक मूळचे आपले नाही. साबुदाणा ज्या कंदापासून निघतो तो कंद, भुईमूग, बटाटा आणि मिरची ही चारही पिके अमेरिका खंडाकडची. गेल्या चार-पाचशे वर्षांत, बहुतेक पोर्तुगीजांच्या जहाजांतून, ती आपल्याकडे आली आणि इतकी घरची झाली की देवाच्या उपवासालाही चालू लागली. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला.

या बटाट्याचे माहेर म्हणजे दक्षिण अमेरिकेतला पेरू देश आणि त्याच्या शेजारचा डोंगराळ मुलूख. तिथल्या शेतकऱ्यांनी काही हजार वर्षांपूर्वी रानटी, कडू, विषारी कंद निवडून निवडून खाण्याजोगा केला. मुलगी सासरी नांदते कशी हे आपण पाहतोच. आज तिच्या माहेरी जाऊ या. आणि जायचे तर साध्या दिवशी कशाला? तिथल्या सणासुदीच्या, मोठ्या बेताच्या पंगतीलाच जाऊ या. त्या पंगतीत आपल्या शेतकरी घरांनी लक्षात ठेवावे असे पुष्कळ आहे.

देश कसा आहे

पेरू देश आपल्या महाराष्ट्राच्या चौपट मोठा, पण वस्ती साडेतीन कोटींच्या आतली. त्याचे तीन उभे पट्टे पडतात. समुद्रकाठी कोरडे वाळवंट; राजधानी लिमा याच पट्ट्यात आहे आणि तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. वाळवंटाला लागून अँडीज पर्वत उभा राहतो. पर्वत ओलांडला की ॲमेझॉनचे घनदाट जंगल. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच. एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी पुरणार नाही इतक्या उंचीवर, ४००० मीटरवर, तिथले शेतकरी बटाटा लावतात.

उंची बदलली की हवा बदलते आणि हवा बदलली की पीक बदलते. खालच्या खोऱ्यात कापूस आणि ऊस, मध्यावर मका, त्याच्यावर किनोआ आणि राजगिऱ्याचा भाऊ कीविचा, सर्वांत वर बटाटा आणि त्याच्यासारखेच ओका, माशुआ, ओयुको हे कंद. एका दिवसाच्या मोटारप्रवासात माणूस वाळवंटातून हिमाच्या रेषेपर्यंत पोचतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पंगतीचा सगळा बेत तिच्यावरच उभा आहे.

ताट कसे येते

लिमा शहराच्या बारँको भागात ‘सेंट्राल’ नावाचे एक रेस्टॉरंट आहे. व्हिर्हिलिओ मार्तीनेझ आणि पिया लिओन हे नवरा-बायको तिथले मुख्य आचारी. पियाची नणंद मालेना ही संशोधनाची बाजू पाहते: कोणत्या गावात कोणता कंद होतो, त्याला गावात काय म्हणतात, तो कसा शिजवतात, याची नोंद ठेवणे हे तिच्या मंडळींचे काम. म्हणजे हे एका अर्थी घरचेच खटले आहे. जगातल्या उत्तम पन्नास रेस्टॉरंटांची एक यादी दर वर्षी निघते. २०२३ साली त्या यादीत पहिले नाव सेंट्रालचे होते. दक्षिण अमेरिकेतल्या रेस्टॉरंटाला तो मान पहिल्यांदाच मिळाला. पुढे २०२५ साली पहिले नाव लागले ते लिमातल्याच ‘मायदो’चे. तिथे जपानी आणि पेरूच्या स्वयंपाकाचा मेळ घातलेला आहे. १८९९ साली जपानी मजूर पेरूच्या उसाच्या मळ्यांत कामाला आले, त्यांच्या वंशजांनी हा मेळ घातला.

आता समजा, लिमातल्या एका जोडप्याच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली आणि त्यांनी सेंट्रालमध्ये जेवायचे ठरवले. जागा पुष्कळ आधी राखून ठेवावी लागते. जेवण दोन-तीन तास चालते आणि बारा-चौदा पदार्थ एकामागून एक येतात. एकेक पदार्थ दोन-चार घासांचाच. आपल्या पंगतीत वाढपी आग्रह करकरून वाढतो. इथे आग्रह नाही, पण प्रत्येक वाटीबरोबर तिची हकिगत सांगतात.

या बेताचे वैशिष्ट्य असे की पदार्थ गोड-तिखट अशा क्रमाने लावलेले नसतात. ते उंचीप्रमाणे ओळखले जातात. प्रत्येक पदार्थापुढे समुद्रसपाटीपासून किती मीटर ते लिहिलेले असते. एखादा पदार्थ समुद्राच्या पोटातला, म्हणजे शून्याच्याही खालचा: शिंपले, खेकडे, समुद्रातले शेवाळ. एखादा किनाऱ्याच्या वाळवंटी खोऱ्यातला. त्यात लोचे नावाचा सुवासिक भोपळा असतो. मग जंगलातला पदार्थ येतो. त्यात नदीतले मासे आणि युका असतो. युका म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच कंद. पिरान्हा नावाच्या दातेरी माशाच्या कातडीची कुरकुरीत पापडी त्याच माशाच्या वाळवलेल्या मुंडक्यांवर मांडून आणण्याची तिथली तऱ्हा फार गाजली. शाकाहारी माणसाला ते पाहवणार नाही, पण मासा कुठला आणि कसा, हे लपवायचे नाही असा त्यामागचा रोख आहे.

मग डोंगर येतो. जांभळा, काळा, पांढरा मका. उंचावरच्या तळ्यांत वाढणारे कुशुरो नावाचे शेवाळ. हिरव्या मण्यांसारखे, भिजलेल्या साबुदाण्याएवढे. पिवळे, लाल, जांभळे कंद. शेवटी गोड म्हणून जंगलातला कोको. आणि नुसती शिजलेली वाटी आणत नाहीत. ते कंद, ती कणसे, ती पाने कच्च्या रूपात शेजारी मांडून दाखवतात. शहरात वाढलेल्या ज्या माणसाने मातीतला ओका कधी पाहिला नाही, त्याला लग्नाच्या वाढदिवशी तो हातात घेऊन पाहता येतो.

एका माणसाचा खर्च आपल्या पैशात पंचवीस हजार रुपयांच्या पुढे जातो. आपल्याकडे तेवढ्यात एक शेळी घरात येईल! तेव्हा तुम्ही विचाराल, एवढे पैसे कशाचे? पोट भरण्याचे नक्कीच नव्हेत. पोट तर कोपऱ्यावरच्या खानावळीतही भरते. हे पैसे आचाऱ्याच्या कसबाचे आहेत, जागेचे आहेत आणि मोठा भाग नावाचा आहे. आचाऱ्याचे नाव आहेच, पण वाणाचे, गावाचे आणि उंचीचेही नाव आहे. बटाटा म्हटला की पोत्याचा भाव मिळतो. अमुक गावचा, अमुक उंचीवरचा, अमुक नावाचा बटाटा म्हटला की लोक त्याच्यासाठी विमानाने येतात.

पूर्वी असे नव्हते

हा मान आयता मिळालेला नाही. एके काळी लिमातल्या श्रीमंतांना डोंगरातल्या शेतकऱ्याचे अन्न म्हणजे गरिबाचे अन्न वाटे. मोठ्या बेताला फ्रेंच पद्धतीचेच जेवण लागे. आपल्याकडे नाचणीची भाकरी पाहुण्याला वाढायला बायका लाजत, तसेच हे. १९९४ साली गास्तोन आकुरिओ आणि त्यांची पत्नी आस्त्रिद गुत्शे यांनी लिमात रेस्टॉरंट काढले तेही सुरुवातीला फ्रेंच धाटणीचेच. हळूहळू त्यांनी आपल्या देशाचे वाण, मिरच्या, मासे यांना ताटात मध्यभागी आणले. २००८ पासून लिमात ‘मिस्तुरा’ नावाची खाद्यजत्रा भरू लागली, तिच्यात नामांकित आचारी आणि डोंगरातले शेतकरी एकाच मांडवात आले. २०२३ साली लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाच्या ‘सेविचे’ या पदार्थाची युनेस्कोने जगाच्या वारशात नोंद केली.

या काळाच्या मागे मोठे दुःखही आहे. १९८० पासून वीस वर्षे त्या देशात बंडखोर आणि सैन्य यांच्यात हिंसाचार चालला. २००३ साली सत्यशोधन आयोगाने अंदाज दिला की सुमारे ६९,००० माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांतली बरीचशी डोंगरातली, केचुआ भाषा बोलणारी शेतकरी माणसे. कितीतरी कुटुंबे गाव सोडून लिमाच्या झोपड्यांत आली. शेत सुटले की बियाणे सुटते. कणगीतले बी दोन-तीन वर्षे पेरले नाही की मरते. बटाट्याचे तर त्याहून लवकर. तरीही जे मागे राहिले त्यांनी मूठ-मूठ बियाणे राखले. आज लिमात जी वाटी पुढे येते ती त्या राखणदारांमुळे.

सुनेला रडवणारा बटाटा

पेरूत बटाट्याचे हजारो गावठी वाण आहेत. एका कुटुंबाच्या शेतात दहा-वीस वाण सहज असतात आणि प्रत्येकाला नाव असते. एका वाणाचे नाव मोठे गमतीचे आहे. केचुआ भाषेत त्याचा अर्थ होतो ‘सुनेला रडवणारा’. हा बटाटा इतका गाठीगाठींचा की सोलता सोलत नाही. नव्या सुनेच्या हातात तो द्यायचा आणि तिची परीक्षा पाहायची, अशी रीत सांगतात. सासू सगळीकडे सारखीच, नाही का?

पण एवढे वाण कशाला? तर कोणता दुष्काळात तगतो, कोणता गारठ्यात, कोणता करप्यात. डोंगरातल्या शेतकऱ्याचा तोच पीकविमा. उलट काय होते याचा दाखला आयर्लंड देशात आहे. तिथल्या गरिबांनी बहुतेक एकाच वाणावर संसार टाकला होता. १८४५ साली करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली.

दुसरी हुशारी टिकवणुकीची. जून-जुलैत डोंगरात कडक थंडी असते. रात्री बटाटे उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा उन्हात सैल पडतात. मग बायका-पुरुष ते पायांनी तुडवून पाणी काढतात आणि खडखडीत वाळवतात. याला ‘चुन्यो’ म्हणतात. शीतगृह नाही, वीज नाही, तरी तो वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या कुरडया-सांडग्यांसारखीच ही बेगमी. हाच चुन्यो आज नामांकित रेस्टॉरंटांच्या बेतातही दिसतो.

कोस्को शहराजवळ मोराय नावाचे ठिकाण आहे. इंका राजांच्या काळातल्या गोल गोल उतरत्या पायऱ्यांची शेते तिथे आहेत. वरच्या आणि खालच्या पायरीच्या तापमानात चांगला फरक पडतो, म्हणून हे त्या काळचे पीक-प्रयोगाचे क्षेत्र असावे असा पुष्कळांचा कयास आहे. २०१८ साली सेंट्रालच्याच मंडळींनी या पायऱ्यांच्या काठावर, ३५०० मीटरहून उंच जागी, ‘मिल’ नावाचे रेस्टॉरंट काढले. शेजारच्या दोन गावांच्या शेतकऱ्यांबरोबर ते शेती करतात आणि पीक वाटून घेतात. तिथे ‘वातिया’ नावाचा प्रकार पाहुण्यांना देतात. शेतातल्या ढेकळांची घुमटी रचायची, आत जाळ करायचा, ढेकळे तापली की बटाटे आत टाकून घुमटी पाडायची. रायगडची पोपटी किंवा आपला हुरडा आठवला ना? काढणीच्या वेळचे शेतातले खाणे हेच तिथे लांबून आलेल्या पाहुण्याची मेजवानी झाले आहे.

शेतकऱ्याच्या पदरात काय?

हा प्रश्न मी विस्तार अधिकारी म्हणून विचारणारच. नुसत्या कौतुकाने चूल पेटत नाही. रेस्टॉरंटात एका रात्री किती माणसे जेवणार? काही डझन. त्यांना लागणारा कंद चार-दोन गावे पुरवतात. डोंगरातला बाकीचा शेतकरी आजही पेरूतल्या गरिबांतच मोडतो. तेव्हा एका ताटाने सारा डोंगर तरत नाही, हे आधी मान्य करू.

दुसरा धोका किनोआने दाखवला. हे राजगिऱ्यासारखे बारीक दाणे. वर साबणासारखा कडू थर असतो, तो धुवून काढावा लागतो. श्रीमंत देशांना ते आवडले, २०१३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी किनोआचे म्हणून साजरे केले आणि भाव आकाशाला भिडले. लगेच किनारपट्टीच्या मोठ्या बागायतदारांनी खते-पाणी देऊन किनोआ पिकवला. माल वाढला, दोन-तीन वर्षांत भाव कोसळले. डोंगरातला लहान शेतकरी, ज्याने हे पीक हजारो वर्षे राखले, तोच मागे पडला. आपल्याकडे टोमॅटो-कांद्याचे जे होते तेच तिकडेही होते.

पण एका ठिकाणी वेगळी वाट दिसते. पिसाक गावाजवळ केचुआ शेतकऱ्यांच्या गावांनी मिळून ‘बटाट्याचे उद्यान’ केले आहे. हजाराहून जास्त वाण तिथे गावकरी सामाईकपणे राखतात. १९७१ साली लिमात स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने पूर्वी गोळा केलेले चारशेच्या वर वाण रोगमुक्त करून या गावांना परत दिले. केंद्राने बियाणे नेले तर ते परत मिळाले पाहिजे, हा गावाचा हक्क तिथे मान्य झाला. मात्र एक काळजी त्यांनाही आहे. हवा तापत चालली, कीड वर चढू लागली, म्हणून बटाट्याची लावण दर काही वर्षांनी डोंगरात आणखी वर न्यावी लागते. आणि डोंगराला कुठेतरी शेंडा असतो.

आपल्या घरात काय करता येईल

मंडळी, पेरूची पंगत पाहून आपण लगेच पंचवीस हजारांचे ताट मांडायला निघायचे नाही. पण त्या ताटाचे पहिले सूत्र आपल्या हातचे आहे: वाणाचे नाव हरवू द्यायचे नाही. आपला माल गोणीत शिरला की त्याचे नाव जाते. राहतो तो फक्त ‘ज्वारी’, ‘तांदूळ’, ‘वाल’. ज्यांनी नाव टिकवले त्यांना ओळख मिळाली. मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ, मुळशीचा आंबेमोहर, भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन मिळाले ते नावामुळेच. आणि कळसूबाईच्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळा नाही, पदवी नाही, पण कोणते बी कुठले हे त्यांना तोंडपाठ.

सुधारित वाण सोडा असे मी म्हणत नाही. त्यांनी आपली पोटे भरली आहेत. मुख्य शेतात ते राहू द्या. पण पुढच्या हंगामात एवढे करा.

पहिले, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिच्या माहेरून आलेले कोणते बी अजून गाडग्यात आहे ते विचारा. वाल, घेवडा, भोपळा, नाचणी, तीळ, काहीही. बियाणे बहुधा बायकांनीच राखलेले असते आणि त्याची हकिगत त्यांच्याबरोबर जाते. एक वही करा. नाव, गाव, किती दिवसांत येते, पाऊस ओढला तर काय होते, कशाला चवीला लागते, सारे लिहा. लिहायचे काम शाळेत जाणाऱ्या नातवंडांकडे द्या.

दुसरे, त्या बियाण्यासाठी एक वाफा ठेवा, दुसऱ्या वाणापासून दूर. निरोगी झाडे आधीच खूण करून ठेवा आणि बी त्यांचेच धरा. दाताखाली कट्कन फुटेल इतके वाळवा, राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून मडक्यात भरा. आणि दरसाल पेरा. नुसते ठेवलेले बी मरते.

तिसरे, मूठभर बी दोन नातेवाइकांच्या घरी द्या. आपल्याकडचे गेले तर त्यांच्याकडून परत मिळेल. लेकीला सासरी पाठवताना ओटीत असे बी घालायला काय हरकत आहे?

चौथे, वाण खरोखर वेगळा आणि एकसारखा असेल तर कृषि विज्ञान केंद्रात दाखवा. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण आपल्या नावावर नोंदवता येतो आणि शेतकऱ्याकडून त्याची फी घेत नाहीत. घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क त्याच कायद्याने दिला आहे. फक्त ते छापील कंपनीबियाणे म्हणून विकता येत नाही.

पेरूच्या विनंतीवरून संयुक्त राष्ट्रांनी ३० मे हा बटाट्याचा जागतिक दिवस ठरवला आणि २०२४ पासून तो पाळला जातो. आपल्याकडे तो दिवस मृगाच्या तोंडावर येतो. त्या सुमारास गाडगी उघडून बी पाहायचेच असते. तेव्हा एकेका बियाण्याला त्याच्या नावाने हाक मारा आणि ते नाव पोरांना पाठ करून द्या.

वहीत काही जुना, नवलाचा वाण सापडला तर आम्हाला जरूर कळवा. या सदरात त्याच्याबद्दल गावाच्या नावासकट लिहू.